तीस पुंगळ्या

माझा धाकटा भाऊ संपत रानडुकराच्या शेजारी झोपून घरी आला. जीपच्या मागच्या फळीवर दोघांवर मिळून एकच ताडपत्री होती. ड्रायव्हरने आमच्या दारात आधी संपतला उतरवले आणि मग ताडपत्री डुकरावर नीट ओढून घेतली, कारण उन्हाने मटण खराब झाले असते.

"डुकरानं फाडला," एवढेच तो बोलला. ज्यांच्या शिकारीला संपत जनावर उठवायला, हाका घालायला गेला होता, ते रावसाहेब आले नव्हते.

हे १९६६ सालच्या माघातले. कसब्यातल्या आमच्या तांबट आळीत सकाळपासून ठोक्यांचा आवाज चालतो, तो त्या दिवशी एकेका दुकानातून बंद होत गेला. पंचनामा खडकवासल्याच्या पलीकडे, गावातच उरकून टाकला होता. मला फक्त आंघोळ घालायची होती.

पोट फाटलेले होते. पण त्याला कुशीवर केले तेव्हा पाठीत एक भोक दिसले, करंगळी जाईल एवढे, गोल. मी आयुष्यभर पत्र्याला भोके पाडत आलो होतो. भोक पाडलेले आहे की फाटलेले, हे मला नुसत्या बोटाने कळते. डुकराचा सुळा फाडतो. तो गोल भोक पाडत नाही आणि समोरचे दोन दातही मोडत नाही. संपतचे दोन दात मोडलेले होते आणि ओठ आतून चिरलेला होता.

दहाव्या दिवशी डोणज्याकडची एक बाई विचारत विचारत आळीत आली. नाव बायडाबाई. ती दुकानाच्या पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि खाली बघूनच बोलायला लागली.

"म्या लाकडं गोळा करीत व्हते. तुजा भाऊ करवंदीतनं भायेर आला न् सायबानं बार टाकला. डुक्कर मागनं निगालं. त्येला दुसऱ्या बारानं पाडलं."

"लगेच गेला का गं?"

"न्हाई रं बाबा. लई येळ जित्ता व्हता. पानी पानी करीत व्हता. सायेब म्हनला, वरडू नगं, लोकं येत्याल. आन् बुटाची टाच तोंडावर धरली त्येच्या. मंग गप झाला."

"चौकीत येऊन सांगशील?"

"माजा मालक त्येंच्याच मळ्यात हाय कामाला," ती म्हणाली आणि उठली.

मी एकटाच चौकीत गेलो. हवालदाराने माझे ऐकून घेतले, सुपारी कातरली आणि विचारले, "पंचनाम्यात डुक्कर लिहिलंय. तुम्हाला डुकराकडून काही वेगळं कळलंय का?"

त्या दिवसापासून मला रावसाहेबांना मारायचे होते. दुसरे काही नको होते. त्यांचे नाव यज्ञेश्वर. शनिवार पेठेत घर, पलीकडे मळे, दारात दोन कुत्री. पदराखाली दिवा झाकावा तसा हातोडा उपरण्याखाली झाकून मी तीनदा त्यांच्या घरासमोर जाऊन उभा राहिलो. तिन्ही वेळा ते जीपमधून निघून गेले आणि मी हातोडा घेऊन परत आलो. शेवटच्या वेळी त्यांचा ड्रायव्हर पानवाल्याशी बोलत होता. विलायती काडतुसे मिळेनाशी झालीत, साहेब चिडलेत, आता कॅम्पातला नियाज जुन्या पुंगळ्या भरून देतो म्हणून शिकार चालू आहे, असे तो सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी कॅम्पात नियाज उस्तादांच्या दुकानात काम मागायला गेलो. तिथे जाऊन काय करायचे ते ठाऊक नव्हते. रावसाहेबांच्या वस्तूला माझा हात लागला पाहिजे, एवढेच ठाऊक होते.

उस्ताद साठीचे. फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात वीस वर्षे गेलेली, मग भोपळे चौकामागच्या बोळात परवान्याचे दुकान. घराणे पुण्यात पाच पिढ्यांचे. दाढी पांढरी, मिशा काढलेल्या, आणि बोलणे असे की समोरच्याला आधी हसू यावे आणि घरी पोचल्यावर राग.

"कोण?"

"श्रीधर. तांबट आळीतला."

"पितळ कळतं?"

"सात पिढ्या तेच केलंय."

"अरे बापरे. मग सात पिढ्या विसरायला किती दिवस लागतील तुला?"

त्यांनी मला ठेवून घेतले. त्यांची नजर कमी झाली होती आणि बारीक कामाला दुसरा हात हवा होता.

पुंगळी म्हणजे पितळेची छोटी बाटली. खाली जाड बूड, मग अंग, मग खांदा, वर अरुंद मान. मानेत गोळी, पोटात दारू, बुडात ठिणगी देणारी टोपी. बार उडाला की आतल्या आगीने पुंगळी फुगते आणि रायफलीच्या आतल्या घराला चिकटून बसते. तशी फुगलेली पुंगळी पुन्हा भरायची तर आधी तिला मूळ मापावर आणावी लागते. त्यासाठी पोलादी साचा असतो. पुंगळीला बोटाने तेल लावायचे, दांडा ओढून तिला साच्यात दाबायची आणि परत बाहेर काढायची. ऐकायला सोपे आहे.

पहिल्याच दिवशी मी हातोडा मारावा तसा दांडा ओढला. तेल कमी पडले होते. पुंगळी आत अडकली, मी जोर केला, तेव्हा तिच्या बुडाचा काठ फाटून हातात आला आणि बाकीची साच्यातच राहिली. ती काढायला उस्तादांना अर्धा दिवस लागला. काढून झाल्यावर त्यांनी ती माझ्या पुढ्यात ठेवली आणि लोखंडी पट्टी माझ्या बोटांच्या पेरांवर अशी हाणली की डोळ्यांत पाणी आले.

"तांबट, हा हंडा नाही. हंड्याला ठोके मोजतात. इथं केस मोजतात. डोक्यावरचा केस. त्याच्या अर्ध्यानं चुकलास तर कुणाचं तरी थोबाड जाईल."

दुसऱ्या दिवशी मी तेल जास्त लावले. तर खांद्यावर तेल साचून खळगे पडले. पुन्हा पट्टी.

मग माप. दाबलेले पितळ कुठेतरी जाते, नाहीसे होत नाही. अंगातून दाबले की मानेकडे सरकते आणि पुंगळी लांब होते. लांब झालेली पुंगळी रायफलीत ठासून बसते, गोळीला घट्ट धरते, दाब वाढतो. म्हणून प्रत्येक पुंगळी दाबल्यावर मोजायची आणि जास्तीची मान कानसून टाकायची. उस्ताद व्हर्नियरने मोजत. मला त्यावरच्या रेघा वाचता येत नव्हत्या. त्यांनी एका पोलादी पट्टीला दोन खाचा कापून दिल्या. पुंगळी पहिल्या खाचेत बसलीच पाहिजे, दुसरीत बसताच कामा नये. दुसरीत बसली म्हणजे मी जास्त कानसले. पहिल्या आठवड्यात अशा अकरा बसल्या. त्या अकराही त्यांनी मला ऐरणीवर चपट्या करायला लावल्या.

"का हो उस्ताद? वितळवता आल्या असत्या."

"तुझ्या हातानं मारल्या की लक्षात राहतील."

दीड महिन्यात माझा हात बसला. डोळे मिटून मी पुंगळीचा खांदा किती मागे गेला ते सांगू लागलो. खरे सांगायचे तर मला ते काम आवडू लागले होते. संपत गेल्यावर पहिल्यांदा दिवसाचे काही तास असे जात की त्यात तो नसे. घरी जाताना मात्र नदीकडचा वारा तोंडावर आला की ते मोडलेले दोन दात आठवत आणि मी जोरात चालू लागे.

एकदा उस्तादांनी मला मान नरम करायला शिकवले. पितळ ताणले, दाबले की कडक होते, हे आम्हा तांबटांना आईच्या दुधाबरोबर कळते. चार-पाच वेळा भरलेल्या पुंगळीची मान कडक होऊन चिरते. म्हणून ती तापवायची. उस्तादांनी एका ताटात पाणी घेतले, पुंगळ्या अर्ध्याहून वर बुडतील अशा उभ्या केल्या आणि वरच्या मानांवरून दिव्याची ज्योत फिरवली.

मला हसू आले. "उस्ताद, अर्धं भांडं कुणी तापवतं का? आमच्याकडे सगळं लाल करतात आणि पाण्यात टाकतात. अर्धं तापवलं तर सांध्यावर जातं."

ते हसले नाहीत. त्यांनी खणातून एक चिंधी काढून सोडली. आत पितळेचा एक तुकडा होता, कुत्र्याच्या छत्रीसारखा पसरलेला.

"हे पुंगळीचं बूड आहे. होतं. एका जवानाच्या गालातून मी काढलं. कुणी शहाण्यानं पुंगळ्या भट्टीत घातल्या होत्या, सगळ्या, तुझ्या हंड्यासारख्या. मान नरम हवी, बूड कडक हवं. बूड नरम पडलं तर ते आग धरून ठेवत नाही. मग आग पुढे जायच्या ऐवजी मागं येते. मागं काय असतं?"

"रायफल."

"रायफलीच्या मागं काय असतं, गाढवा?"

मागे गाल असतो आणि डोळा असतो, हे मला कळले होते. कुणाचा गाल आणि कुणाचा डोळा, हेही त्याच क्षणी कळले.

जेमतेम आठवडा गेला आणि रावसाहेब दुकानात आले. मी त्यांना पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिले. उंच, अंगाने भरलेले, खाकी कोट, पायात गुडघ्यापर्यंत बूट. त्यांनी लाकडी पेटी माझ्या समोर आपटली.

"नियाजमियाँ, मागची काडतुसं द्यायला तुम्ही महिना लावलात. दुकानात घड्याळ आहे ना?"

"आहे रावसाहेब. पण ते गिऱ्हाइकाकडं बघून पळत नाही."

"तीस आहेत. पुढच्या रविवारी मला निघायचंय."

"हा करील," उस्ताद माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "आता माझ्यापेक्षा बरा करतो."

रावसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "जात कुठली रे?"

"तांबट."

"मग कल्हई पण करून दे," ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसत निघून गेले.

मी चार दिवस नीट काम केले. तीसही पुंगळ्या दाबल्या, मोजल्या, माना कानसल्या. पहिल्या खाचेत तीसच्या तीस बसल्या, दुसरीत एकही बसली नाही. शुक्रवारी उस्तादांना म्हणालो, घरी नेऊन घासून आणतो. ते नको म्हणाले नाहीत.

भर दुपारी, शेजारी सगळीकडे ठोके चालू असताना, मी आमच्या भट्टीत रावसाहेबांच्या तीस पुंगळ्या लाल केल्या. एकेक चिमट्याने उचलत होतो. बुडापासून मानेपर्यंत जास्वंदीसारख्या लाल झाल्या की पाण्यात टाकत होतो. प्रत्येक वेळी पाणी चरचरत होते आणि मला बरे वाटत होते. मग चिंच आणि राख लावून घासल्या. आगीचा डाग कुठे राहिला नाही. दुकानातली एक फाटकी पुंगळी त्यांच्याबरोबर भाजली होती, तिच्या बुडावर हातोडीचा हलका टोला मारून पाहिला. लोण्यावर बोट उठावे तसा खळगा पडला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

उस्तादांनी पुंगळ्या पट्टीत घालून पाहिल्या आणि भुवया उंचावल्या. "मापात आहेत. पण इतक्या चकचकीत? लग्नाला जाणार आहेत का?" मग त्यांनी स्वतः टोप्या बसवल्या, दारू तोलली, गोळ्या बसवल्या. ते काम ते कुणाला देत नसत.

रविवारी सकाळी ते मला म्हणाले, "चल. वेताळ टेकडीच्या खाणीत जायचंय. रावसाहेब तिथंच येतायत."

गिऱ्हाइकाबरोबर ते खाणीत जात, हे मला माहीत होते. मला वाटे, रायफलीचा नेम तपासायला जात असतील. मी त्यांच्यामागून पेटी घेऊन चढलो. मनात एकच होते, की रावसाहेब पहिला बार टाकतील तेव्हा मी कुठे उभा राहू म्हणजे मला त्यांचे तोंड दिसेल.

खाणीत आम्ही तिघेच होतो. जीप वर उभी होती, आज ती रावसाहेबांनी स्वतःच चालवत आणली होती. रावसाहेबांनी रायफल काढून उस्तादांच्या हातात दिली, पेटीतले एक काडतूस स्वतः निवडून दिले आणि तीन पावले बाजूला जाऊन विडी पेटवली. उस्तादांनी काडतूस भरले, बोल्ट लावला आणि रायफल माझ्यासमोर धरली.

"घे."

"मी?"

"मग कोण? पुंगळ्या तू केल्यास. ज्याचा हात त्याचा खांदा. माझ्या बापापासूनचा नियम आहे दुकानाचा. करणाऱ्यानं आधी आपला गाल टेकवायचा, मग गिऱ्हाइकानं. आत्तापर्यंत मी करत होतो, म्हणून मी उडवत होतो."

मी रायफल घेतली. समोर खाणीची भिंत होती, तिच्यावर चुन्याचा गोल. मी दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. लाकूड गार होते. त्याच्या आत, माझ्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर, मीच भाजलेले बूड होते. बोट चापावर जाईना. घाम डोळ्यांत उतरला.

"तांबटाला कापरं भरलंय," रावसाहेब म्हणाले. "अरे, चावत नाही ती."

सांगून टाकावे असे वाटले. सांगितले की रावसाहेब सुटले, संपत डुकरानेच मेला, आणि मी तुरुंगात. चाप ओढला की मी गेलो आणि रावसाहेब तरीही सुटले. मी रायफल खाली केली.

"जमत नाही उस्ताद."

उस्तादांना माझी दया आली असावी. रागावले नाहीत. "पहिल्यांदा होतं असं," ते म्हणाले. "आण इकडं. आज मी, पुढच्या खेपेला तू."

त्यांनी रायफल माझ्या हातातून घेतली आणि खांद्याला लावली.

आता जे लिहितो ते मी कुणापुढेही पुष्कळ वर्षे बोललो नाही. त्यांनी गाल टेकवला, डावा डोळा मिटला, श्वास आत घेतला. एवढा वेळ मला होता. 'उस्ताद, थांबा' म्हणायला एवढा वेळ लागत नाही. पण माझ्या मनात आले, की एखादे वेळी पहिले फुटणारही नाही. पहिले नीट गेले तर बाकीचे एकोणतीस रावसाहेबांच्याच वाट्याला येतील. हे मनात आले आणि मी थांबलो. मग ओरडलो आणि झेप घेतली, पण तोवर त्यांचे बोट मागे गेले होते.

आवाज बाराचा नव्हता. लोखंडी कढई दगडावर फेकावी तसा होता. माझा डावा हात रायफलीवर पडायला आणि ती फुटायला एकच गाठ पडली. रायफलीखालची गोळ्यांची पेटी उडाली, दस्ता मधोमध चिरला, आग बोल्टच्या बाजूने मागे आली. उस्ताद उताणे पडले. उजव्या डोळ्याच्या जागी डोळा नव्हता. गाल कानापर्यंत उघडला होता आणि बाजूने दाढा दिसत होत्या. माझ्या डाव्या हाताची दोन बोटे नव्हती. ते मला हात टेकायला गेलो तेव्हा कळले.

रावसाहेबांच्या कानाला नुसते खरचटले होते. ते धावत आले. मला वाटले, उस्तादांकडे आले. त्यांनी खाली वाकून रायफलीची नळी उचलली.

"इंग्लंडची होती ही! माझ्या वडिलांची! ऊठ म्हाताऱ्या, काय करून ठेवलंस हे?" आणि त्यांनी उस्तादांच्या बरगडीत लाथ घातली. एक, आणि पुन्हा एक.

मी नळी त्यांच्या हातातून ओढून घेतली. उजवा हात माझा धड होता आणि त्या हाताने मी पंधरा वर्षे घण मारला होता. पहिला ठोका गुडघ्यावर मारला. गुडघा उलटा वळला आणि ते खाली बसले. दुसरा खांद्यावर. हाड तुटल्याचे मला नळीतून कळले. आम्ही भांड्याला ठोके घालतो ते एकापुढे एक, न घाई करता. माझा हात तसाच चालत होता. ते हात पुढे करून विचारत होते, "कोण तू? कोण तू?"

"संपतचा भाऊ."

"कोण संपत?"

ते खोटे बोलत नव्हते. इतका घाबरलेला माणूस खोटे बोलू शकत नाही. त्यांना खरोखरच माहीत नव्हते. जबडा मोडला तो या प्रश्नानंतर. रक्ताबरोबर दात पडले. मी नळी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. तुटलेल्या बोटांतून माझे रक्त माझ्याच तोंडावर पडत होते. डोके माझ्या समोर होते. एकच ठोका हवा होता.

मागून घरघर ऐकू आली. उस्ताद उताणे पडलेले आणि गालातले रक्त घशात उतरत होते. हंडा पाण्यात बुडवावा तसा आवाज. त्यांना कुशीवर केले नसते तर तेवढ्यात ते बुडाले असते.

मी एक ठोका मारून मग वळलो असतो तरी कदाचित चालले असते. पण एक क्षण उशीर केल्याची किंमत मी नुकतीच पाहिली होती. मी नळी टाकली.

उस्तादांना कुशीवर वळवले, तोंडात बोट घालून रक्ताच्या गाठी काढल्या, उपरण्याने तोंड बांधले आणि त्यांना पाठीवर घेऊन टेकडी उतरलो. जीप चालवता येत नव्हती. कोथरूडच्या वाटेवर एका गवळ्याची बैलगाडी मिळाली. रावसाहेबांना दुसऱ्यांनी उचलून आणले. ते जगले. काठी घेऊन चालायचे.

सहाव्या दिवशी उस्तादांना बोलता येऊ लागले. मी त्याच दवाखान्यात होतो, खाटेला बेडी आणि दाराशी हवालदार. रावसाहेबांना मारल्याचा गुन्हा माझ्यावर होता. काडतूस कसे फुटले याबद्दल सगळ्यांचे एकच म्हणणे होते: जुने पितळ, चिरले असेल. उस्तादांची बायको जुबेदाभाभी मला रोज आपल्या हाताने भरवत असे. "यानं तुम्हाला पाठीवर आणलं," ती त्यांना पुन्हा पुन्हा सांगे. "स्वतःची बोटं गेली तरी आणलं. सख्खा मुलगा करणार नाही."

त्या दिवशी हवालदार बेडी धरून मला उस्तादांच्या खाटेशी घेऊन गेला. उस्तादांनी भाभीला चहा आणायला पाठवले, हवालदाराला म्हणाले, "जरा बाहेर थांबा, मी एका डोळ्यानं याला पळू देणार नाही." मग उशीखालून त्यांनी पितळेचा एक तुकडा काढला. डॉक्टरांनी त्यांच्या गालातून काढलेला. त्यांनी त्यात नख दाबले.

"बूड लाल केलंस?"

"हो."

"तीसही?"

"हो."

"कुणासाठी?"

मी सगळे सांगितले. पाठीतले भोक, दात, बायडाबाई, करवंदीची जाळी. तोंडावरच्या पट्टीमुळे त्यांचे काय चालले आहे ते दिसत नव्हते. एकच डोळा दिसत होता आणि तो हलत नव्हता.

"धाकटा होता?"

"धाकटा."

"रावसाहेबासाठी केलंस ते मला कळतं. मीही फौजेत होतो. पण मी रायफल हातात घेतली, तेव्हा तुला माहीत होतं."

"मी सांगणार होतो उस्ताद."

"केव्हा?"

बाहेर भाभीचा आवाज ऐकू येत होता, ती कुणाकडे तरी साखर मागत होती.

"हवालदाराला आत बोलाव," उस्ताद म्हणाले. "तू सांगतोस की मी सांगू?"

"सांगितलं तर तुमचा परवाना जाईल. माणूस तुमच्या दुकानातला होता."

"एका डोळ्यानं परवाना वाचायचा तरी कसा? बोलाव."

हवालदार आला, दुसऱ्याला बोलावले, कागद मांडले. मी पहिल्यापासून सांगायला लागलो. जीपच्या फळीपासून. पुंगळ्या मी मुद्दाम भाजल्या, उस्तादांना त्यातले काही ठाऊक नव्हते, हेही सांगितले. हवालदार ते सगळे लिहीत होता. पण संपतच्या पाठीतल्या भोकापाशी आणि रावसाहेबांच्या नावापाशी आला की त्याची लेखणी थांबत होती.

"हे कोणी पाहिलं?"

"पाहिलं एका माणसानं. नाव सांगणार नाही."

"मग नुसतं 'रागाच्या भरात' लिहू. मोठ्या माणसाचं नाव कशाला उगाच? तुमचा गुन्हा तुमच्यापुरता."

भाभी चहाचा पेला घेऊन दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. पेला तिने माझ्याकडे आणला नाही, खिडकीत ठेवला आणि नवऱ्याच्या पायाशी जाऊन बसली.

उस्ताद उशीवरून थोडे उठले. टाक्यांमुळे त्यांना अर्ध्याच तोंडाने बोलता येत होते.

"लिहा हवालदारसाहेब. नाव लिहा, भोक लिहा, दात लिहा. नाहीतर उद्या न्यायाधीश विचारतील, या माणसानं तीस पुंगळ्या कशाला भाजल्या? चिवड्यात घालायला?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले आणि लिहिले. लिहायला बराच वेळ लागला. मग त्याने वाचून दाखवले. मला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली आणि रावसाहेबांना कुणी कधी कोर्टात बोलावले नाही. पण संपतच्या मरणाच्या सरकारी कागदात डुकराशिवाय दुसरे कुणाचे नाव त्या दिवशी पहिल्यांदा आले. हवालदाराने शाईची डबी पुढे केली. उजव्या हाताला बेडी होती, म्हणून डाव्या हाताची उरलेली बोटे कागदावर टेकवून मी त्याच हाताचा अंगठा खाली उठवला.